चार बोल्ट आणि सात मिनिटं

मी तुम्हाला दिसणार नाही. कपडे धुवायच्या मशीनचं दार उघडून डोकं आत घातलंत तरी नाही. ड्रमच्या माथ्यावर, पत्र्याच्या आत बसलेला काँक्रीटचा ठोकळा आहे मी. वजन चौदा किलो. दहा वर्षं होत आली, तोंड उघडलं नाही, आज उघडतोय. मला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही उगाच डोळे पुसायच्या तयारीने बसाल.

सिमेंट, खडी आणि लोखंडाचा चुरा कालवून मला साच्यात ओतलं. सुकल्यावर मला बाहेर काढणाऱ्या बाईने माझ्या पाठीवर थाप मारली आणि शेजारणीला म्हणाली, "यांचं बरं आहे बघ. जन्मभर काही करायचं नाही, नुसतं जड राहायचं."

"आमच्या घरी आहे तसा एक," शेजारीण म्हणाली. दोघी हसल्या आणि मला ढकलगाडीवर ठेवलं.

पण नुसतं जड राहणं हेही काम असतं. ओले कपडे ड्रममध्ये एका बाजूला गोळा होतात, आणि ते पिळायला ड्रम जोरात फिरला की झोके खातो. ते झोके मी माझ्या वजनाने जिरवायचे. त्यासाठी अट एकच: ड्रम आणि मी स्प्रिंगांवर मोकळे लटकायला हवेत. आता प्रवासात आम्ही हिंदकळू नये म्हणून कारखान्यात मशीनच्या पाठीतून चार लांब बोल्ट घालून आम्हाला आवळून टाकतात. घरी पोचल्यावर ते काढायचे असतात. माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर तसं लिहिलेलं असतं. ते पान कोण वाचतं?

हमालांनी मशीन तिसऱ्या मजल्यावर चढवलं, मागच्या बाल्कनीत टेकवलं आणि धापा टाकत म्हणाले, "उद्या कंपनीचा माणूस येईल जोडायला. तोवर चालू करू नका."

"माणूस कशाला?" घरधनी म्हणाला. "तीस वर्षं बसगाड्यांचं वर्कशॉप सांभाळलंय मी. मला काय एक नळी जोडता येत नाही?"

त्याला सगळे फोरमन म्हणत, निवृत्त झाल्यावरही. मीही तेच म्हणतो. त्याने नळी जोडली, मशीनचे पाय खालीवर करून ते समपातळीत आणलं आणि खात्री करायला झाकणावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवून बघितला. काम चोख. मग तो मागे गेला आणि त्याला ते चार बोल्ट दिसले.

"अहो, या पुस्तकात बोल्टचं काहीतरी लिहिलंय," त्याची बायको म्हणाली.

"बोल्टचं मला पुस्तकातून शिकवू नकोस. कारखान्याने लावलेला बोल्ट काढायचा नसतो, आवळायचा असतो." आणि त्याने चारही बोल्टांना अर्धा अर्धा फेरा आणखी दिला. पुस्तक कपाटात गेलं.

पहिल्यांदा कपडे पिळायची वेळ आली तेव्हा झोका जिरायला जागाच नव्हती. ड्रमचा हिसका बोल्टांतून पत्र्यात गेला, पत्र्यातून फरशीत आणि फरशीतून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतात. मशीन थडथडत वीतभर पुढे आलं. बायको धावत आली आणि तिने दोन्ही तळवे झाकणावर दाबून धरले. आवाज थांबला नाही, पण मशीनचं चालणं थांबलं.

"नवीन आहे, अजून बसायचंय," फोरमन म्हणाला. "चार दिवसांत होईल शांत."

ते काही झालं नाही. त्याने पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घातले. झाकणावर गाडीची बॅटरी ठेवली. ती सरकत सरकत खाली पडली आणि फरशी फुटली. बाकी काही जमेना तेव्हा वर्षातून एकदा पाना घेऊन मागे जायचा, चारही बोल्ट आवळायचा आणि म्हणायचा, "मी आहे म्हणून टिकलंय हे." आणि दर दिवसाआड, पिळायच्या त्या सात मिनिटांत, त्याची बायको झाकणावर हात दाबून उभी राहायची.

बोल्ट होते म्हणून तिचे हात माझ्यापर्यंत पोचायचे. मला डोळे नाहीत. जे ऐकू येतं ते, आणि जे अंगावर येतं ते, एवढंच मला कळतं. डावा तळवा उजव्यापेक्षा जड पडायचा. पहिल्या मिनिटाला पकड घट्ट असायची. चौथ्या मिनिटाला बोटं सैल पडायची, मुंग्या येत असणार. शेवटी शेवटी नुसतं मनगटांचं ओझं उरायचं. मशीन थांबलं की ती हात झटकायची. चहाचा कप तिला एका हाताने धरता येईनासा झाला, हे मी फोरमनच्या तोंडून ऐकलं. डॉक्टरने तिला मशीनला हात लावू नका म्हणून सांगितलं, तेही ऐकलं. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा झाकणावर होते.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी फोरमन जुन्या सोबत्यांकडे गप्पा छाटायला गेला होता. ती बाल्कनीत आली, मशीन भिंतीपासून ओढलं आणि मागे बसली. पानं उलटल्याचा आवाज आला. मग तिने मोठ्याने वाचलं, "मशीन सुरू करण्याआधी मागचे चारही बोल्ट काढावेत. अन्यथा मशीन जोराने थरथरेल."

पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

मग तिने फोरमनचा पाना आणला. उजवीकडचा खालचा बोल्ट धरला, दोन्ही हातांचा जोर लावला आणि सोडवला. माझा तो कोपरा जरासा मोकळा झाला. दुसऱ्या बोल्टवर पाना बसला, तेवढ्यात आत फोन वाजला. ती उठून गेली, लेकीशी बोलून आली. पाना पुन्हा लावला तर दाराची घंटा वाजली. तेही बघून आली. मग तिने पाना खाली ठेवला आणि मशीनला टेकून बसली.

"हे गप्प झालं की माझंही संपलंच," ती म्हणाली. माझ्याशी नाही बोलली ती, मी आत आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. "आत्ता निदान सात मिनिटं कुणाची हाक ऐकू येत नाही. आली तरी सांगता येतं, मशीन धरून उभी आहे, थांबा जरा."

तिने बोल्ट परत घातला आणि जमेल तेवढा फिरवला. पुस्तक कपाटात ठेवून आली.

त्या सात मिनिटांत ती काय करायची म्हणाल, तर विशेष काही नाही. कधी गुणगुणायची. कधी कुणाकुणाचा उद्धार करायची, फोरमनचासुद्धा. एकदा रडली. बहुतेक वेळा नुसती उभी असायची.

त्या वर्षी फोरमन बोल्ट आवळायला आला तेव्हा त्याला तो एक सैल सापडला. "अगं, बघ," त्याने आत ओरडून सांगितलं, "हा खालचा उजवा सुटत आलाय. माझं लक्ष नसतं तर मशीन खिळखिळं झालं असतं."

"हो ना," ती आतून म्हणाली.

गेल्या वर्षी ती गेली. ताप आला, आठ दिवस राहिला, नवव्या दिवशी घरात माणसं जमली. मला काय वाटलं? काही नाही. हात यायचे बंद झाले, एवढं कळलं.

महिनाभर मशीन बंद होतं. लेक अधूनमधून यायची आणि विचारायची, "बाबा, बोला ना काहीतरी. कसं वाटतंय?"

"काही वाटत नाही," फोरमन म्हणायचा. "बधिर झालंय सगळं." ते मला समजलं. त्या घरात तेवढं एकच मला नीट समजत होतं.

मग एक दिवस त्याने स्वतः कपडे टाकले, बटण दाबलं आणि आत जाऊन बसला. झाकण धरायला कुणी नव्हतं. मशीन चालत चालत बाल्कनीच्या मध्यापर्यंत आलं, नळाची नळी ताणून निसटली आणि पाणी सुरू झालं. फोरमनला ते ऐकूच गेलं नाही. खालच्या काकू दार वाजवत वर आल्या तेव्हा त्याला कळलं.

"नऊ वर्षं मी चकार शब्द काढला नाही," काकू म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. "त्या वर मशीन धरून उभ्या असायच्या, मला माहीत होतं. म्हणून गप्प बसले. पण आता पाणी माझ्या पलंगावर गळतंय हो."

लेक आली. तिने फरशी पुसली, काकूंची माफी मागितली आणि वडिलांना सांगितलं, "बाबा, हे मशीन शनिवारी जाईल. मी नवीन सांगून ठेवलंय."

"हे जाणार नाही."

"अहो, पण का?"

"झाकणावर बघ."

लेक जवळ आली. तिचं बोट पत्र्यावरून फिरलं. "रंग उडालाय," ती म्हणाली. "दोन ठिकाणी." मग, हळू आवाजात, "आईच्या हातांएवढा."

फोरमनने मशीन ढकलून पुन्हा भिंतीला लावलं.

"बरं," लेक म्हणाली. "शुक्रवारी मेकॅनिकला बोलावते. त्याने हे शांत केलं तर राहू दे. नाही झालं तर शनिवारी गाडी येईल. मी काकूंना शब्द दिलाय, बाबा."

शुक्रवारी मेकॅनिक आला. बोलायला मोजका माणूस. मशीन ओढलं, मागे टॉर्च मारला आणि थांबला.

"हे जोडलं कुणी होतं?"

"मी," फोरमन म्हणाला.

"हे चार बोल्ट वाहतुकीपुरते असतात, काका. पहिल्या दिवशीच काढायचे. नऊ वर्षं तसेच आहेत?"

"दर वर्षी आवळलेत," फोरमन म्हणाला.

मेकॅनिक हसला नाही. चांगला माणूस. त्याने एकेक बोल्ट काढला. चौथा निघाला तसा मी खाली बसलो, आणि मग लटकलो. स्प्रिंगा कोऱ्या होत्या, नऊ वर्षांत त्यांना ताण म्हणून मिळाला नव्हता. त्याने ओल्या चादरी टाकल्या आणि ड्रम फिरवला. ड्रमने झोका घेतला, मी झुललो, झोका माझ्यात जिरला. ज्या कामासाठी मला ओतलं होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं. आनंद झाला का, विचाराल. बरं वाटलं, इतकंच म्हणतो.

फोरमन आत गेला आणि पाण्याने भरलेला पेला आणून झाकणावर ठेवला. ड्रम पूर्ण वेगात होता. "थेंब सांडत नाहीये," लेक म्हणाली. मग फोरमनने झाकणावर हात ठेवले असणार, कारण तो म्हणाला, "हाताला काहीच लागत नाही."

"लागायला नकोच, काका," मेकॅनिक म्हणाला. "बेअरिंग मात्र घासलंय. वर्षभर काढेल फार तर. हे बोल्ट ठेवा, मशीन कुठे हलवायचं झालं तर लागतील."

बोल्ट फोरमनच्या हातात खुळखुळले. मग खुळखुळणं थांबलं.

"उजवीकडचा खालचा कुठला यातला?" त्याने विचारलं. "तो मला एकदा सैल सापडला होता. आपोआप होतो का असा?"

"नाही. पाना लावल्याशिवाय नाही."

"तुम्हीच कधी लावला असेल, बाबा," लेक म्हणाली.

"मी आवळायला लावतो." बोल्ट पुन्हा एकदा खुळखुळले. "तिला माहीत होतं," तो म्हणाला. "उघडला होता तिने. मला मान खाली घालायला लागू नये म्हणून परत लावला."

आणि तो रडायला लागला. ती गेल्यापासून त्याला रडताना मी ऐकलं नव्हतं. मेकॅनिकने आपली हत्यारं आवाज न करता पिशवीत भरली.

शनिवारी गाडी आली नाही. मशीन राहिलं. खालच्या काकू एकदा मुद्दाम विचारायला आल्या, कपडे धुणं बंद केलंत का म्हणून.

फोरमन आता दर दिवसाआड कपडे टाकतो आणि पिळायची वेळ झाली की येऊन उभा राहतो. धरायची काही गरज नाही, त्याला ठाऊक आहे. आत फोन वाजतो, तो स्वच्छ ऐकू येतो, पण फोरमन जात नाही. दर वेळी एकच बोलतो, "माझ्या हट्टापायी तुझे हात गेले. एका शब्दाने सांगायचंस तरी."

बेअरिंग आता घुमायला लागलंय. वर्ष संपत आलंय. मशीन भंगारात गेलं की मला कुणीतरी फोडून टाकेल, आणि त्या दुपारचं बोलणं ऐकलेलं दुसरं कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. कधी तिसऱ्या मजल्यावर गेलात तर फोरमनला सांगा: तिचे हात बधिर व्हायचे ते तुझ्यामुळेच, त्यातून तुझी सुटका नाही. पण बोल्ट तिने तुझ्यासाठी परत लावला नव्हता. स्वतःसाठी लावला होता. घरात तेवढी एकच जागा होती जिथे तिला कुणाची हाक ऐकू येत नव्हती. हे ऐकून त्याला बरं वाटेल की जास्त वाईट, ते मला सांगता येत नाही. मी ठोकळा आहे. पण खरं ते त्याला कळायला हवं.

आत्ताही तो उभा असेल, तिच्याच दोन जागांवर हात ठेवून. असेल म्हणतो, कारण बोल्ट गेल्यापासून हात माझ्यापर्यंत पोचत नाहीत. ड्रम हळू होतोय. तो हात उचलेल, ते मला कळणार नाही.