येतो म्हणून गेले

बाबांचं परतीचं तिकीट शनिवारचं होतं आणि ते कॅन्सल करून घ्यायचंच, असा चंग बांधून मी त्यांना स्टीन्स डोंगरावर नेलं. आई गेल्यापासून वर्ध्याच्या घरात ते एकटेच. इकडे परदेशात, बॉथेलला आमच्याकडे चार महिने राहिले, पण "इथेच राहा ना" म्हटलं की पेपरात डोकं खुपसायचे. म्हटलं, डोंगरावर पेपर येत नाही.

दहा तास ड्राइव्ह करून आम्ही ऑरेगनच्या वाळवंटातल्या फ्रेंचग्लेनला मुक्काम केला. गाव कसलं, दहा-बारा माणसं आणि एक हॉटेल! दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाबांच्या प्रश्नांना ऊत आला होता. शाळा कुठे? दवाखाना कुठे? ही नदी कुठे जाते? ती समुद्राला मिळतच नाही, इथेच आटते, असं माझ्या नवऱ्याने, निमिषने, सांगितलं तेव्हा त्यांनी गाडीच थांबवायला लावली. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. खाली उतरून नदीकडे बघत राहिले.

कड्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. उंची जवळजवळ दहा हजार फूट, चार पावलांत धाप लागत होती. समोर तुटलेला कडा आणि मैलभर खाली पांढरंफटक वाळवंट. मी मनात वाक्यं जुळवत डिकीतून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा काढला. वळून बघते तर बाबा नाहीत.

"स्वानंदी, आजोबा कुठे?"

"ही इज कमिंग," आमची नऊ वर्षांची लेक गेममधून डोकं वर न काढता म्हणाली.

बाथरूमला गेले असतील म्हणून वाट पाहिली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. निमिष दार ठोठावून आला. आत दुसरंच कोणीतरी होतं.

"स्वानंदी, नक्की काय म्हणाले आजोबा?"

"ही सेड, 'येतो.' दॅट मीन्स ही'ज कमिंग, राइट?"

आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात, हे मी पोरीला कधी शिकवलंच नव्हतं. शिकवणार कधी? आम्ही गराजमधून बाय म्हणून निघणारी माणसं. बहात्तर वर्षांचा माझा बाप त्या विरळ हवेत कुठल्या दिशेला गेला, हेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं.

मी हाका मारत काठाकाठाने पळाले. अर्ध्या मैलावर एका खडकावर बाबा बसलेले, डोळ्यांना दुर्बीण. शेजारी स्ट्रॉ हॅट घातलेली एक गोरी म्हातारी.

"ओरडू नकोस, दीपा," बाबा कुजबुजले. "खाली मेंढे आहेत. रानटी!"

"बाबा, सांगून जाता येत नाही?"

"सांगितलं की स्वानंदीला."

मला राग आला आणि रडूही आलं. म्हातारीने सरकून मला जागा दिली. ती फ्रेंचग्लेनच्या त्या दहा-बारा जणांतली एक. वर्ध्याच्या आमच्या विहिरीला मे महिन्यात किती हात पाणी उरतं, इथपासून शेजारच्या प्रल्हादकाकांच्या गुडघ्यांपर्यंत सगळं तिला अर्ध्या तासात कळलं होतं. बॉथेलमधल्या शेजाऱ्याचं नावही बाबांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

"हिला विचारलं, एवढ्या ओसाडीत का राहता," बाबा म्हणाले. "मुलगा पोर्टलंडला बोलावतो म्हणे. मोठं घर आहे त्याचं."

"मग?"

"म्हणाली, तिथे मी पाहुणी असते."

बाबांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. मेंढे केव्हाच खडकाआड गेले होते, ते मलासुद्धा दिसत होतं.

दोन दिवस घोकलेल्या वाक्यांतलं एकही बाहेर येईना.

"बाबा," शेवटी मी विचारलं, "शनिवारी एअरपोर्टला किती वाजता निघायचं?"

"फ्लाइट दोनची आहे. दहाला निघू," ते लगेच म्हणाले. मग दुर्बीण खाली घेऊन त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.