थोरलीचे मार्क

रसायनशास्त्राच्या वर्गात थोरली पहिल्या बाकावर बसायची आणि मागची पोरं तिला मावशी म्हणायची. त्यांना नुकतं मिसरूड फुटलेलं, आणि ही तिशीला टेकलेली. सकाळी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधायच्या, दुपारी घरी येऊन आईला भरवायचं, तिची कूस बदलायची आणि धापा टाकत कॉलेज गाठायचं, असा तिचा दिवस. पदवीला तिचे मार्क इतके घसरले होते की मेडिकल कॉलेजवाले अर्जाकडे ढुंकूनही बघेनात. म्हणून तेच विषय ती पुन्हा शिकत होती.

मार्क घसरले ते डोकं नव्हतं म्हणून नव्हे. ऐन परीक्षेच्या वर्षी आईचं अर्धं अंग लुळं पडलं. वडील आधीच गेलेले. धाकटा भाऊ तेव्हा मेडिकलच्या प्रवेशाच्या मागे होता आणि त्याच्या खोलीचं दार कायम बंद असायचं. "त्याला हाक मारू नकोस," आई जड जिभेने बजावायची. थोरलीने मारली नाही. धाकटा डॉक्टर झाला, लग्न झालं, वेगळा राहू लागला.

या खेपेला थोरली वर्गात पहिली आली. रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "अर्जासोबत एखाद्या डॉक्टरची शिफारस जोडा. तुमचे तर घरातच डॉक्टर आहेत."

रविवारी ती भावाकडे गेली. भावजयीने पाणी दिलं आणि ती आत निघून गेली.

"ताई, मी शिफारस केली तर लोक म्हणतील, बहिणीला घुसवतोय," धाकटा म्हणाला.

"घुसवू नकोस. मी काय काम करते ते तू बघितलंयस. तेवढंच लिही."

"पण या वयात कशाला हा खटाटोप? आणि तुझे जुने मार्क कुणी काढून बघितले तर हसं माझं होईल."

"ते मार्क कुठल्या वर्षीचे आहेत, आठवतंय?"

धाकटा खरंच आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ विचार करून म्हणाला, "तुझ्या लग्नाचं वगैरे चाललं होतं का तेव्हा?"

त्याने विषय टाळला असता तर ती भांडली असती. पण त्याला खरोखरच आठवत नव्हतं, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. ती पाणी न पिताच उठली.

शिफारशीवाचून अर्ज गेला, तरी मुलाखतीला बोलावणं आलं. टेबलापलीकडचे म्हातारे डॉक्टर बोलायला मऊ होते.

"आईंच्या आजारपणाचं कळलं. पण घरात दुसरं कुणी नव्हतं?"

"भाऊ होता."

"मग?"

"तो मेडिकलचा अभ्यास करत होता."

"हां, मग बरोबर आहे. तो अभ्यास म्हणजे चेष्टा नाही. झाला ना डॉक्टर?"

"झाला."

"छान," म्हातारे डॉक्टर म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला.

यादीत तिचं नाव नव्हतं. नवे मार्क जुन्यांत मिसळून सरासरी काढली होती, आणि जुन्यांनी नव्यांचे पाय ओढले होते.

धाकटा समजूत घालायला आला. तो स्वतःचा दवाखाना काढणार होता. "तू रिसेप्शनला बस, ताई. पेशंटशी तू छान बोलतेस. आपलं माणूस असलं की मलाही घोर नाही."

तो गेल्यावर आई म्हणाली, "देवासारखा भाऊ आहे. हो म्हणून टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने आईचे कपडे, औषधं, अंथरुणावरचं रबरी कापड, सगळं बांधलं आणि गाडी बोलावली.

"कुठे नेतेस मला?"

"तुझ्या देवाकडे."

आई वाटभर रडली. भावजयीचा चेहरा पडला. धाकटा दारात अंगावर शर्ट चढवत म्हणाला, "ताई, असं न कळवता..."

"कळवलं असतं तर तू घरी नसतास," ती म्हणाली आणि त्याच गाडीने परत फिरली.

घर एकदम मोठं झालं. पहिले काही दिवस ती नुसती झोपली, आणि इतकी गाढ झोप लागते याचीच तिला लाज वाटत राहिली. मग तिने भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं. धाकट्याचे फोन यायचे, आईला परत कधी नेतेस म्हणून. परीक्षा झाली की बघू, असं ती सांगायची. नातेवाइकांत तिचं नाव झालं ते आईला टाकणारी म्हणून.

पुढच्या वर्षी लांबच्या एका गावातल्या मेडिकल कॉलेजने तिला घेतलं. तिथे जुने मार्क धरत नव्हते. बातमी सांगायला तिने भावाला फोन लावला.

"अरे वा, अभिनंदन," धाकटा म्हणाला. आवाज थकलेला होता.

"आईला दे ना."

"आई झोपलीय, ताई."

पलीकडून आईचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "सांग तिला, झोपले म्हणून."

"बरं," थोरली म्हणाली. "उठली की सांग." आणि फोन ठेवून ती कपाटातले कपडे बॅगेत भरायला लागली.