रुखमाबाईची सातवी मोळी

“मोळी खाली ठेव. नाव सांग,” नाकेदार गुणवंतराव म्हणाले.

समोर त्यांची पंचवीस वर्षांची बायको, म्हणजे लग्नाला पंचवीस वर्षं झालेली, डोक्यावर लाकडं घेऊन उभी होती.

“अजी, नाव माईत नाई का तुमाले? रुखमा.”

“नवऱ्याचं नाव?”

रुखमाबाईंनी पदर पुढे ओढला. नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. “लिवा तुमीच.”

गुणवंतरावांनी लिहिलं, बारा नवे पैसे घेतले, पावती फाडली आणि रस्त्यावरचा आडवा बांबू वर केला.

झालं होतं असं. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात वरून कागद आला. देशाला पैशाची चणचण आहे, सबब नाकेदाराच्या पगारातून पाच रुपये कमी. जळाऊ मोळीवरचा कर एक आण्याऐवजी दोन आणे. आणि ज्या जंगल नाक्याचं महिन्याचं उत्पन्न दहा रुपयांच्या आत येईल, तो नाका बंद. गेल्या वर्षी राज्य बदललं होतं, यंदा नाणी बदलली होती. हा कागद कोणत्या राज्याचा आणि कोणत्या नाण्यातला, हे गुणवंतरावांनी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तो पहिल्यापेक्षा कमी समजला.

कर वाढला तशा बाया नाक्यावर यायच्या बंद झाल्या. पलीकडच्या नाल्यातून जायच्या. सुकरी तर डोक्यावर मोळी असताना ओरडून सांगायची, “नाकेदारभाऊ, आमी मासोळ्या धराले जाऊन राह्यलो जी!”

आज महिन्याची अखेर. वहीत सव्वानऊ रुपये. बारा आणे कमी.

“मंग टाकून द्या ना बारा आणे आपल्याच जवळचे,” रुखमाबाई सकाळी म्हणाल्या होत्या.

“मोळी गेल्याबिगर पावती फाडता येत नाई.”

सत्तावीस वर्षांत गुणवंतरावांनी मोळी न बघता पावती फाडली नव्हती. रुखमाबाई उठल्या. चुलीमागची लाकडं बांधली, तांदळाच्या डब्यातून पगारातले उरलेसुरले पैसे काढून पदराला बांधले, आणि नाक्याच्या मागून जंगलाकडच्या अंगाला गेल्या.

तीच मोळी दुपारपर्यंत सहा वेळा नाक्यावरून गेली. दर वेळी नाव, दर वेळी पदर. पाचव्या वेळी गुणवंतराव म्हणाले, “हे लाकडं कुठी पाह्यल्यासारखे वाटून राह्यले.”

“जंगल हाय जी. लाकडं सारखेच दिसतेत.”

सहावी पावती फाडून त्यांनी बेरीज केली. भिंतीवरच्या आण्यांचे नवे पैसे करायच्या छापील तक्त्याकडे बघितलं. पुन्हा बेरीज केली.

“रुखमा, तीन पैसे कमी आहेत.”

“काऊन? सहा मोळ्या, बारा आणे. झाले ना?”

“आण्यात झाले. पैशात नाई झाले. तक्त्यात दोन आण्याचे बारा पैसे आहेत आणि बारा आण्याचे पंचाहत्तर. सहा वेळा बारा म्हणजे बहात्तर.”

“मंग ते तीन गेले कुठी?”

गुणवंतरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. सरकारनं पगार कापला. उरलेल्या पगारातून बायको कर भरते. त्या करावर नाका टिकतो, नाक्यावर पगार टिकतो, जो कापलेला आहे. यात कोण कोणाला पोसतं, हेच त्यांना उलगडेना, मग तीन पैशांचं काय सांगणार?

“मले नाई समजत,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी बायकोसमोर पहिल्यांदाच उच्चारलं असावं.

रुखमाबाईंनी मानेवरचा घाम पुसला, चुंबळ नीट केली आणि मोळी पुन्हा उचलली. मागच्या सागांमधून त्यांचं लुगडं दिसत गेलं, मग दिसेनासं झालं.

त्या सातव्यांदा जंगलाच्या अंगानं आल्या तेव्हा गुणवंतराव टेबल सोडून उन्हात उभे होते. पावती लिहून तयार होती. त्यांनी नाव विचारलं नाही.

बांबू त्यांनी पार वर नेला, साहेबांच्या जीपसाठी नेत तितका, आणि रुखमाबाई पुढच्या वळणापर्यंत जाईतो तसाच धरून ठेवला.