न्यायाधीशबाईंची हलती मान

नवऱ्याने सकाळी सकाळी पडद्यांचं कापड टेबलावर पसरलं. वांग्यासारखं जांभळं. न्यायाधीशबाई बघतच राहिल्या.

"हे कुणी पसंत केलं?"

"तूच की! काल दाखवलं, तर चांगली डोलून मान हलवलीस."

"अहो, मी नुसती ऐकत होते."

"मग तोंडाने बोलावं माणसानं. कोर्टात तरी कळतं का कुणाला, ऐकतेयस की कबूल करतेयस ते?"

तो हसला. बाईंनी मात्र हातातला चहाचा कप खाली ठेवला.

त्यांच्या डोळ्यांपुढे ती चिमुरडी उभी राहिली. पाळणाघराच्या जिन्यावरून पडून तिचा हात मोडला होता. तिथे मुलांना सांभाळणाऱ्या मावशींनीच ढकललं, असा आरोप. बघणारं दुसरं कुणीच नव्हतं. साक्षीला उभी केल्यावर पोरीची वाचाच बसली, तेव्हा बाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली होती: बोल बाळा, ऐकतेय मी. मग वकिलांनी विचारलं, मावशी जवळ होत्या? त्यांचा हात लागला? जोरात लागला? दर वेळी पोरीने आधी बाईंकडे पाहिलं आणि मगच 'हो' म्हटलं.

त्या 'हो'वर बाईंनी मावशींना दोषी ठरवणारा निकाल लिहिला होता. आज तो वाचायचा होता.

बाई वकिलीत नवीन होत्या तेव्हा न्यायाधीश त्यांचं बोलणं चालू असताना खिडकीबाहेर बघत, एकजण तर नखं कुरतडे. आपल्यापुढे बोलणाऱ्याला भिंतीशी बोलल्यासारखं वाटू द्यायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. सगळी नोकरी त्यांनी मान हलवत केली. ते पुण्य आज असं अंगावर येईल, हे कुणाला ठाऊक होतं?

दालनात शिरताच त्यांनी लघुलेखिकेला विचारलं, "साक्ष चालू असताना मी मान हलवते का गं?"

"मॅडम, वकील मंडळी तर तुमच्या मानेवरून वारा ओळखतात!" ती हसत म्हणाली. बाईंचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. "का हो?"

"मुलीला परत बोलवायचं. कारण मी सांगते, तू लिही. माझ्या मान हलवण्याने साक्षीवर परिणाम झाला असावा."

"पण मॅडम, वरच्या कोर्टातल्या बढतीसाठी तुमचं नाव गेलंय. आत्ता हे कागदावर? दुसरं काही कारण घालू या ना."

दुसरी कारणं बाईंना पाठ होती, आणि त्यातलं एखादं खपलंही असतं.

"हेच घाल," त्या म्हणाल्या.

पुढच्या तारखेला मुलीची आई डोळ्यांतून आग ओकत बसली होती. मावशी मांडीवरची पिशवी घट्ट धरून होत्या. डोक्यावर भरलेली घागर असावी तशी बाईंनी मान ताठ धरली.

"त्या दिवशी जिन्यावर काय झालं, तूच सांग."

पोरीने बाईंकडे पाहिलं. वाट पाहिली. पंखा घरघरत होता. बाईंची मान दुखायला लागली. वकील उठायला लागले, तसं त्यांनी हातानेच त्यांना खाली बसवलं.

"आज तुम्ही मान का नाही हलवत?" पोरीने विचारलं.

कोर्टात कुणीतरी खोकलं.

"मला ठाऊकच नाही काय झालं ते. मी तिथे नव्हते, तू होतीस."

पोरगी बुटाच्या टोकाकडे बघू लागली. "मी कठड्यावरून घसरत होते," ती हळूच म्हणाली. "मावशी नको नको म्हणत धरायला आल्या. मग मी पडले. आई रागावेल म्हणून..."

मावशींनी पिशवीत तोंड खुपसलं.

लघुलेखिकेची बोटं मध्येच थांबली. तिने वर पाहिलं. "मॅडम, ते मान हलवण्याचं जे विचारलं तिने... तेही लिहू?"

हाच कागद वर जाणार होता, त्यांच्या नावाच्या मागोमाग. मान हलायला निघालीच होती, ती बाईंनी जागच्या जागी धरली.

"लिही," त्या तोंडाने म्हणाल्या.