स्क्रूकाकांचा नंबर

"हे तुम्हीच लिहिलंत का?" म्हणत बाईंनी मोबाईल काउंटरवर ठेवला.

मी वाचलं. 'काका, रुसलात का आमच्यावर? रोज दारावरून जाता, आत डोकावत नाही. या, काडीचा स्क्रू कसून देते.' माझंच काम ते. नाकारून कुठं जाणार?

चष्म्याच्या या दुकानात मी बावीस वर्षं काउंटर सांभाळते. माझ्या जिभेला हाड नाही, असं मालक म्हणतात, आणि म्हणूनच गिऱ्हाइकांना जाणारे मेसेज लिहायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. वर्षापूर्वी त्यांनी ही नवी सोय घेतली. होकार दिलेलं जुनं गिऱ्हाईक दुकानापासून शंभर-दोनशे पावलांवर आलं की त्याच्या फोनवर आपोआप मेसेज वाजतो. कोण किती वेळा जवळून गेलं, किती वेळा आत आलं, हेही मालकांना दिसतं. धंदा वाढला, खोटं कशाला बोलू. भाजीला निघालेली माणसं आत वळून डोळे तपासून जायला लागली.

त्यात एक फोन दोन महिन्यांत एक्केचाळीस वेळा जवळ आला होता आणि एकदाही आत आला नव्हता.

"तुमचे स्क्रूकाका," मालक म्हणाले. "एक तर त्यांना आत आणा, नाहीतर महिनाअखेर मी त्यांचा नंबर यादीतून काढून टाकतो."

स्क्रूकाका म्हणजे नकाशे काढण्यात हयात घालवलेले, निवृत्त गृहस्थ. बोलताना चष्मा काडीला धरून गरगर फिरवायचे, त्यामुळे दर महिन्याला स्क्रू सैल. "तुमच्या हाताला जोर नाही," ते म्हणायचे. "तुमच्या हाताला चैन नाही," मी म्हणायचे. आता ते दुसऱ्या दुकानात जातात, असं मी धरून चालले. रागच आला मला, आणि त्या रागात तो मेसेज लिहिला.

"रुसले नाहीत हो ते," बाई म्हणाल्या. "गेले. तीन महिने होतील आता. मी त्यांची बायको."

गेलेल्या माणसाला मी टोमणा मारला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"माफ करा. मला खरंच ठाऊक नव्हतं. आत्ता काढते नंबर."

"नका काढू." त्यांनी फोन स्वतःकडे ओढला. "जवळजवळ रोज सकाळी त्यांचा हा फोन घेऊन मी समोरच्या बाकावर येऊन बसते. फोन वाजतो. 'काका, आज इकडं कुठं?' घरात त्यांचा विषय निघाला की मुलगा उठून जातो, सून टीव्ही लावते. मला रडू येऊ नये म्हणूनच करतात बिचारे. पण त्यांना हाक मारणारं कुणी उरलंच नाही. तुम्हीच तेवढ्या."

मालकांना सांगितलं असतं तर ते हळहळले असते आणि नंबर काढला असता. माणूस वाईट नाही, पण व्यवहार म्हणजे व्यवहार.

"त्यांचा चष्मा आहे जवळ?" मी विचारलं. "दुरुस्तीला आला अशी नोंद झाली की नंबर राहतो."

त्यांनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं. डावी काडी लुळी पडली होती. उजव्या काचेवर अंगठ्याचा ठसा होता. सवयीनं मी कापड उचललं.

"ते राहू दे," त्या हळूच म्हणाल्या.

मी कापड खाली ठेवलं, स्क्रू घट्ट कसला, नोंद केली आणि चष्मा परत दिला.

"पुन्हा कधी आणायचा?"

"नेहमीसारखा. महिन्यानं."

"पण आता सैल कसा होईल तो?"

मी पावतीवर पुढच्या महिन्याची तारीख घातली आणि ती त्यांच्यापुढं सरकवली.

त्या रस्ता ओलांडून बाकावर जाऊन बसल्या. थोड्या वेळानं काचेतून मी पाहिलं. त्यांनी चष्मा बाहेर काढला, डाव्या काडीला धरला, आजूबाजूला कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि हळूहळू फिरवायला लागल्या.