एकोणचाळीस किलो माती

हाडं एकूण सत्त्याऐंशी होती. त्यांतली अखंड एकतीस, बाकीचे तुकडे. दात वेगळे, नऊ. सगळं मिळून दोन किलो तीनशे ग्रॅम. प्रयोगशाळेतल्या तरुण हाडतज्ज्ञ मुलीने तीनदा वजन केलं, तिन्ही वेळा तेवढंच भरलं.

तीनशे वर्षांपूर्वी लढाईच्या धांदलीत कुठेतरी पुरलेला हा नामांकित राजा सरकारी गोदामाच्या अंगणात सापडला होता. आता त्याला मानाने पुन्हा पुरायचं होतं. तिने नको म्हटलं तरी तालीम खऱ्या हाडांवरच झाली. आठ मान्यवरांनी सगळा जोर लावून पेटी उचलली आणि ती थेट डोक्यांच्या वर गेली. आत राजेसाहेब खडखडत एका कोपऱ्यात जमा झाले.

समारंभाच्या अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. खांद्यांवर भार दिसलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कुणी विटा सुचवल्या, तर कुणी स्मरणिकांचे गठ्ठे. त्यांत पहिली चौदा पानं मान्यवरांच्याच फोटोंची होती.

मुलीच्या डोक्यात मात्र चाळणकाका होते. खोदकामावरचे हे म्हातारे मजूर माती चाळायचे, म्हणून हे नाव. तिने बघून टाकून दिलेल्या ढिगातून त्यांनीच करंगळीचं हाड शोधलं होतं. राजाची करंगळी लहानपणी मोडल्याची नोंद होती, त्यावरूनच ओळख पटली. मुलीचं नाव झालं. बाराशे निमंत्रितांच्या यादीत मांडववालाही होता, काका नव्हते. ती दोनदा विचारून आली होती. यादी बंद झाली, एवढंच उत्तर मिळालं.

"खड्ड्यातलीच चाळलेली माती भरू," ती म्हणाली. "पण तिची जबाबदारी घेणारा माणूस पेटीच्या मागेच चालेल. नाहीतर मी सही करणार नाही."

तिच्या सहीशिवाय पेटी बंद होत नव्हती. कोण माणूस, असं अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मृत्तिकातज्ज्ञ."

तज्ज्ञ म्हटल्यावर अधिकाऱ्यांनी पुढे काही विचारलं नाही, नाव लिहून घेतलं.

काकांना तिने गोदामाच्या अंगणात गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चाळणी उचलली. "पुन्हा एकदा चाळून देतो. खडा राहिला तर टोचेल त्यांना."

चार महिने कुणालाच न सांगितलेलं तेव्हा कुठे तिच्या तोंडून बाहेर पडलं. "काका, ते बोट मीच टाकून दिलं होतं."

"ठाऊक आहे, पोरी. म्हणून तर चाळणी असते."

समारंभात आठही खांदे व्यवस्थित वाकले. अधिकाऱ्यांचे डोळे भरून आले. पेटीच्या मागे दोन पावलांवर, मेहुण्याचा कोट घालून, मृत्तिकातज्ज्ञ चालत होते.

परत आल्यावर मुलीने नोंदवहीतला शेवटचा रकाना भरला. पेटी चौदा किलो. माती एकोणचाळीस किलो. राजा दोन किलो तीनशे ग्रॅम. एकूण पंचावन्न किलो तीनशे ग्रॅम.