लाइन कट झाली

लाइन: नाम, स्त्रीलिंगी. लाइनमन आणि सबस्टेशनचा ऑपरेटर यांच्या तोंडात हा शब्द दिवसातून पन्नासदा येतो. ऑपरेटर हा लाइनमनचा मेव्हणा. त्याची बहीण डबा द्यायला यायची तेव्हा लाइनमनने तिच्यावर लाइन मारली, तीही सबस्टेशनच्या फाटकातच. चौदा वर्षं झाली, मेव्हणा अजून टोमणे मारतो.

लाइन: तार. अकराच्या सुमारास तीन नंबरवरची एक जोडणी सैल झाली. लाइनमनने खांबाखालून फोन केला, तीन नंबर बंद करायला सांगितलं.

लाइन: फोन. ऑपरेटरला ‘तीन नंबर’ एवढंच ऐकू आलं, पुढे खरखर. त्याने उलटा फोन लावला.

“दाजी, लाइन कट झाली.”

“बरं,” म्हणून लाइनमनने फोन खिशात टाकला. परत सांगा, हे ऑपरेटरचं पुढचं वाक्य कुणीच ऐकलं नाही. तारेत वीज आहे का ते बघायची काठी जीपमध्येच राहिली. मेव्हण्याने सांगितल्यावर काठी कशाला?

दाजी परत फोन करतील म्हणून ऑपरेटरने वाट बघितली. मग त्याला आपलंच वाक्य ऐकू आलं. समोर तीन नंबरचा दिवा लाल होता, म्हणजे चालू. त्याने फोन लावला. वाजत राहिला. खांबावर असताना फोन घ्यायचा नाही, हे दाजींकडून त्यानेच घोकून घेतलं होतं.

लाइन: साहेबांची. लेखी परवानगीशिवाय कुठलीही बंद करायची नाही.

अकरा वाजून सात मिनिटांनी त्याने तीन नंबर पाडली. छापखाना थांबला. दातांच्या दवाखान्यात एकाची दाढ अर्धी कोरून राहिली. टेबलावरचा फोन वाजू लागला, लाइट कधी येणार म्हणून. ऑपरेटरने तो उचलला नाही. तो मोबाइलकडे बघत बसला.

वीस मिनिटांनी मोबाइल वाजला.

“झालं काम. लाइन सोड.”

“दाजी, अकरा सातला तुमचा हात कुठे होता?”

“हात? पाना काढत होतो कमरेचा. का रे?”

“आधी खाली उतरा,” ऑपरेटर म्हणाला. “जमिनीवर पाय टेकले की सांगा.”

संध्याकाळी साहेबांची चिठ्ठी आली: विनापरवानगी लाइन का बंद केली, दोन ओळींत खुलासा करावा. ऑपरेटरने लिहिलं:

लाइन कट झाली, असं मी म्हणालो.
म्हणून मग लाइन कट केली.

कागद दुसऱ्या दिवशी परत आला. खाली लाल शाईत साहेबांचा प्रश्न होता: नक्की कोणती?